पैसे माझे, टीम कोणाची? संघाच्या मालकानं खेळाडूंच्या बाबतीत किती लक्ष घालावं?

लोकमान्यनगरकर (गुरुवार, रात्री ९:४०)

मंडळी, इंदूरहून नमस्कार. वाचतो रोज, धागा पहिल्यांदाच काढतोय, कारण चार दिवस झाले डोक्यातून जात नाहीये.

आमच्या कॉलनीतल्या मुलांची टेनिस बॉलची टीम आहे. तीन वर्षांपासून खर्च मी करतो. एन्ट्री फी, टी-शर्ट, दोन चांगल्या बॅटी, बॉलचे डबे आणि रविवारी मॅच झाली की सगळ्यांचे पोहे. सीझनचे तीसएक हजार जातात. रिटायर झालोय, मुलगी बंगलोरला, मला ही पोरं आवडतात म्हणून करतो. कॅप्टन चोवीस वर्षांचा आहे, कुरियर कंपनीत काम करतो, मला काका म्हणतो.

टीममध्ये सोळा वर्षांचा एक डावखुरा मुलगा आहे. त्याचा कव्हर ड्राइव्ह बघितला की मला माझे तरुणपणीचे दिवस आठवतात, इतका सरळ बॅटचा चेहरा. त्याला कॅप्टन सातव्या नंबरवर पाठवतो. मी दोनदा सांगितलं तिसऱ्यावर पाठव, ऐकलं नाही. गेल्या रविवारी दोन विकेट पडल्या तेव्हा मी बाउंड्रीवरून उठून आत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, आता याला पाठव. कॅप्टन म्हणाला, "काका, पैसे तुमचे, मान्य. पण हरलो तर शिव्या मला पडतात." पोरं एकदम गप्प. त्यानं दुसऱ्यालाच पाठवलं, मॅच चार रननी गेली. पोहे कोणी धड खाल्ले नाहीत. तेव्हापासून बोलणं नाही.

आयपीएलपासून गल्लीपर्यंत प्रश्न एकच आहे असं मला वाटतं. जो पैसा लावतो त्यानं खेळाडूंच्या निर्णयात किती बोलावं? अजिबात नाही, की थोडं? आणि थोडं म्हणजे किती?

पोहे_जलेबी (रात्री ९:५२)

पहिला! काका, पोहे कोणी खाल्ले नाहीत म्हणजे मामला खरंच गंभीर आहे.

सराफा_रात्रपाळी (रात्री १०:१५)

काका, राग मानू नका पण सगळ्यांसमोर बोललात तिथे चुकलं. आयपीएलची ८ मे २०२४ ची मॅच आठवा. लखनौनं १६५ केले आणि हैदराबादनं एकही विकेट न घालवता ९.४ ओव्हरमध्ये संपवलं. मॅच संपल्या संपल्या मैदानातच लखनौचे मालक संजीव गोयंका हातवारे करत कॅप्टन के. एल. राहुलला काहीतरी सांगतायत आणि राहुल मान खाली घालून उभा आहे, हे अख्ख्या देशानं पाहिलं. नंतर घरी जेवायला बोलावलं, गळाभेटीचा फोटो आला, पण तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढच्या सीझनला राहुल दिल्लीत. लखनौमध्येच त्यानं नाबाद ५७ मारले आणि मॅचनंतर हात मिळवून थांबला पण नाही, सरळ पुढे.

तेच बोलणं बंद दाराआड झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं. मालकानं बोलावं, पण कुठे उभं राहून बोलतो ते महत्त्वाचं.

हिशोबनीस (रात्री १०:४१)

मी वेगळी बाजू मांडतो. सीए आहे म्हणून असेल, पण मला हा "मालकानं गप्प बसावं" वाला सूर पटत नाही. २०२५ च्या सीझनआधीच्या लिलावात खेळाडू घ्यायला प्रत्येक टीमची पर्स १२० कोटींची होती. १२० कोटी! इतका पैसा लावणारा माणूस विचारणार नाही का, की हा का खेळतोय आणि तो का बाहेर बसलाय? दुकानदार गल्ल्यावर बसतोच ना.

आणि गोयंकांचंच उदाहरण घ्या. २०१६ ला त्यांची पुण्याची टीम आठात सातवी आली. २०१७ ला त्यांनी धोनीची, आपल्या धोनीची, कॅप्टन्सी काढून स्टीव्ह स्मिथला दिली. देशभर बोंब झाली. काय झालं? टीम फायनलला गेली आणि मुंबईकडून फक्त एका रननं हरली. तेव्हा मालकाचा निर्णय क्रिकेटच्या दृष्टीनं चूक होता असं म्हणता येत नाही. लोकांना आवडला नाही ही वेगळी गोष्ट.

सराफा_रात्रपाळी (रात्री १०:५५)

@हिशोबनीस तो निर्णय सीझनच्या आधी झाला होता भिया. दुसरी विकेट पडल्यावर नाही. फरक आहे.

पोहे_जलेबी (रात्री ११:०२)

त्याच वर्षी नावातला 'सुपरजायंट्स' मधला शेवटचा स पण काढला होता. एक रन कमी पडला तो तिथेच गेला असणार :)

चिमणबाग_एन्ड (शुक्रवार, सकाळी ७:२०)

काका, तुम्ही इंदूरचे, आणि हा प्रश्न इंदूरमध्ये विचारावा लागतोय याचं मला थोडं वाईट वाटलं, कारण याचं उत्तर आपल्या गावानं शंभर वर्षांपूर्वी दिलंय. मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. १९२३ मध्ये होळकर महाराजांनी बोलावून त्यांना इंदूरला आणलं, फौजेत हुद्दा दिला, म्हणजे घर चालायची काळजी मिटली. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात होळकर टीम उभी राहिली ती याच पद्धतीनं. चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, आपला मुश्ताक अली. दुसऱ्या महायुद्धामुळे इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता तर त्यालाही घेतलं, आणि त्यानं १९४४-४५ च्या रणजी फायनलला मुंबईविरुद्ध नाबाद २४९ मारले (हरलो तरी). १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा सीझनमध्ये दहा फायनल, चार विजेतेपदं. कुठल्या संस्थानाला जमलं हे?

दरबारानं काय केलं? माणूस निवडला, त्याच्या पोटापाण्याची सोय केली, मैदान दिलं. मैदानावरचा शब्द सीकेंचा. आणि सीकेंची शिस्त अशी की समोर मोठमोठे खेळाडू चळाचळा कापायचे. पन्नाशीत त्या माणसानं रणजी फायनलला २०० मारलेत, त्याला कोण सांगणार कोणाला कितव्या नंबरवर पाठव म्हणून.

आता दुसरी बाजू. १९३२ ला भारत इंग्लंडला पहिली कसोटी खेळायला गेला तेव्हा कॅप्टन पोरबंदरचे महाराज. आपल्याला या दर्जाचं खेळता येत नाही हे त्यांनी ओळखलं आणि लॉर्ड्सच्या कसोटीत स्वतः बाहेर बसून टीम सीकेंच्या हातात दिली. राजा माणूस, पण बाजूला झाला! मला हा भारतीय क्रिकेटमधला फार मोठा निर्णय वाटतो. आणि चार वर्षांनी, १९३६ ला, विझियानगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. पैसा, ओळखी, सगळं वापरून कॅप्टन झाले. तीन कसोटीत मिळून ३३ रन. लाला अमरनाथ जोरात खेळत होता, त्याला पहिल्या कसोटीच्या आधीच घरी पाठवलं. बाका जिलानीला सीकेंचा सगळ्यांसमोर अपमान केला म्हणून कसोटी खेळायला मिळाली असं सांगतात. आणि मुश्ताक अलींची गोष्ट तर इंदूरच्या ओट्या-ओट्यावर सांगितली जाते, की विझींनी त्यांना सांगितलं विजय मर्चंटला रनआउट कर, आणि यांनी पिचवर जाऊन मर्चंटलाच ते सांगितलं, दोघं हसले आणि ओपनिंगला २०३ ची भागीदारी केली. मुश्ताकचे ११२, परदेशात भारतीयानं मारलेलं पहिलं कसोटी शतक.

पोरबंदर आणि विझी. दोघांकडे पैसा होता, दोघांकडे टीम होती. काका, तुम्ही कोणासारखे व्हायचं ते ठरवा.

मालवाकन्या (सकाळी ८:०५)

वा! चिमणबागकाका, सकाळ सत्कारणी लागली. माझे आजोबा कामाला दांडी मारून होळकरची मॅच बघायला जायचे, आजी शेवटपर्यंत त्यांना त्यावरून बोलायची.

बडोदेकर (सकाळी ९:३०)

सगळं खरं, पण १९४६-४७ ची फायनल सांगायची राहिली वाटतं :) हजारे २८८, गुल महंमद ३१९, भागीदारी ५७७ ची, समोर कोण तर होळकर. आमच्या गायकवाड सरकारनीही हजाऱ्यांना आणून नोकरी दिली आणि मग त्यांना त्यांचं काम करू दिलं. पद्धत तीच.

चिमणबाग_एन्ड (सकाळी ९:४४)

त्याच्या आदल्या वर्षी फायनलला कोणाला हरवलं होतं, बडोदेकर? सीकेंचे ते २०० कोणाविरुद्ध होते?

बडोदेकर (सकाळी ९:५८)

आमच्याच. मान्य :) आता मुद्द्यावर येतो. आमच्या गावच्या हार्दिकचं बघा. डिसेंबर २०२३ ला मुंबईनं रोहितला काढून त्याला कॅप्टन केलं. रोहितनं पाच वेळा ट्रॉफी आणून दिली होती. निर्णय वरून झाला, मान्य, वरच्यांचा हक्कच आहे. पण शिव्या कोणी खाल्ल्या? मालकांनी नाही. वानखेडेवर, अहमदाबादला, जिथे जाईल तिथे पोरगं टॉसला उभं राहिलं की पब्लिक हुर्यो करायची. टीम दहावी, शेवटची. हार्दिक आणि कृणाल, दोघे भाऊ लहानपणी मॅगी खाऊन प्रॅक्टिसला जायचे हे मी बडोद्यात ऐकून आहे, अख्खं गाव ऐकून आहे, म्हणून जास्त लागलं असेल. पण विचार करा, वरून ज्याच्या नावानं निर्णय येतो त्यालाच सगळं सोसावं लागतं. पुढच्या वर्षी टीम प्लेऑफला गेली म्हणजे पोरात दम होता, पण ते पहिलं वर्ष त्याला कोण परत देणार.

हिशोबनीस (सकाळी १०:२०)

दहावी आली म्हणून निर्णय चूक, पुढच्या वर्षी वर आली म्हणून बरोबर, असं कसं? मालकाचा विचार तीन-चार वर्षांचा असतो. कॅप्टन पुढची मॅच बघतो. दोन्ही लागतं. कॅप्टनच्या हातात सगळं दिलं तर तो आपल्या ओळखीचे अकरा घेऊन बसेल, तेही मी पाहिलंय.

वाटाण्याच्या_अक्षता (सकाळी ११:१०)

हिशोबनीसांना +१. शाहरुखनं कोलकात्याच्या टीममध्ये पहिली तीन वर्षं काय काय करून बघितलं, २००९ ला तर एकाऐवजी अनेक कॅप्टन करायची कोच बुकाननची कल्पना, टीम शेवटची आली. मग २०११ ला गंभीरला घेतलं आणि त्याला मोकळं सोडलं. २०१२ आणि २०१४ ट्रॉफी. मोकळं सोडणं हाही मालकाचाच निर्णय ना? माणूस शोधणं आणि मग हात काढून घेणं.

डॅलसची_मंडई (सकाळी ११:४५)

इंदूर सोडून बावीस वर्षं झाली, आता टेक्सासमध्ये आहे, आमच्या गावात याच प्रश्नाच्या दोन्ही टोकांचा अनुभव लोक घेतायत म्हणून लिहितेय.

इथली अमेरिकन फुटबॉलची टीम, काउबॉइज. १९८९ ला जेरी जोन्सनं घेतली आणि मालक, जनरल मॅनेजर सगळं तोच. कोणाला घ्यायचं, कोणाला किती पैसे, सगळं तोच ठरवतो, खेळाडूच्या एजंटला बाजूला ठेवून खेळाडूशी स्वतः बोलायला बसतो. सुरुवातीच्या सात वर्षांत तीन वेळा सर्वोच्च विजेतेपद मिळवलं, पण त्यातल्या दुसऱ्यानंतरच यश कोणाचं यावरून कोच जिमी जॉन्सनशी बिनसलं, कोच गेला. १९९५ च्या सीझननंतर आजपर्यंत त्या पातळीची फायनल बघितली नाही. माझ्या शेजारचे म्हातारे आजोबा दर रविवारी तीच जुनी जर्सी घालून बसतात.

आता त्याच गावातली बास्केटबॉलची टीम, मॅव्हरिक्स. तिथे नवे मालक आले, त्यांनी खेळातलं आपल्याला कळत नाही म्हणून मॅनेजरवर विश्वास ठेवला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मॅनेजरनं लुका डॉनचिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. पंचवीस वर्षांचा पोरगा, आठ महिन्यांपूर्वीच टीमला फायनलपर्यंत घेऊन गेलेला! माझा मुलगा दहावीत आहे, त्याच्या खोलीत लुकाचं पोस्टर, रात्री बातमी आली तर त्याला कोणीतरी चेष्टा करतंय असंच वाटलं, सोमवारी शाळेत गेला नाही. स्टेडियममध्ये लोक महिनोन्‌महिने मॅनेजरला काढा म्हणून ओरडत होते. नोव्हेंबरमध्ये काढलं शेवटी. पण लुका थोडाच परत येतोय.

म्हणून मला "मालकानं काहीच बोलू नये" हे पटत नाही. काही निर्णय असे असतात की तिथे मालकानं उठून थांबा म्हणायलाच हवं. घरातली रोजची भाजी कोणी ठरवावी यात सासऱ्यांनी पडू नये, पण कोणी घरच विकायला काढलं तर?

पोहे_जलेबी (दुपारी १२:०३)

सातव्या नंबरची बॅटिंग ही भाजी. काका, तुम्ही भाजीत पडलात.

लोकमान्यनगरकर (दुपारी १२:३०)

सगळ्यांचं वाचतोय. चिमणबाग, तुम्ही पोरबंदर आणि विझी म्हणालात ते मनाला लागलं, पण एक सांगू का, मी माझ्या कोणा नातेवाइकासाठी नाही बोललो. तो मुलगा माझा कोणी नाही. त्याच्यात गुण आहे आणि तो वाया जातोय असं दिसत असताना मी गप्प बसायचं का, एवढंच विचारतोय.

किल्लेदार_ग्वाल्हेर (दुपारी १:१५)

ग्वाल्हेरहून रामराम. सगळे खेळाच्या बाजूनं बोलताय, मी कायद्याच्या बाजूनं बोलतो. मालकाला ड्रेसिंग रूमपासून लांब ठेवायचं एक साधं कारण आहे. आत कोण खेळणार, कोणाच्या मांडीला ताण आहे, पिच कसं आहे, ही माहिती विकली जाते. म्हणून तर मॅच चालू असताना खेळाडूंचे मोबाइल जमा करून घेतात. २०१३ चं सट्टेबाजीचं प्रकरण आठवा, चेन्नईच्या मालकांचा जावई गुरुनाथ मय्यपन आणि राजस्थानचा भागीदार राज कुंद्रा. लोढा समितीनं २०१५ मध्ये दोघांना जन्मभरासाठी बाहेर काढलं आणि दोन्ही टीम दोन-दोन वर्षं बंद. जे खेळाडू रोज उन्हात घाम गाळत होते त्यांचा काही संबंध नसताना त्यांच्या टीमवर डाग लागला.

आता २०२४ पासून आमच्या ग्वाल्हेरला मध्य प्रदेशची लीग सुरू झालीय, म्हणजे लहान गावातही मालक आले. माझं म्हणणं एवढंच, मालक किती आत येऊ शकतो याची रेघ आधीच मारून ठेवा. माणूस चांगला की वाईट हे बघत बसायची वेळ येऊ नये.

शेवेचा_घाणा (दुपारी २:५०)

आमचं तीन पिढ्यांचं नमकीनचं दुकान आहे म्हणून हिशोबनीसांच्या गल्ल्यावरून सुचलं. बाबा दुकानात कारागिराच्या कढईला हात लावायचे नाहीत. बेसन कुठल्या गिरणीचं, तेल कुठलं, लवंग किती, कारागीर कोण, हे सगळं ते ठरवायचे. पण झारा कारागिराच्या हातात. एकदा मी बारा-तेरा वर्षांचा असताना गॅस कमी करायला गेलो तर कारागिरानं काही म्हटलं नाही, बाबांनीच मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, त्याच्या हाताला कळतं तेल किती तापलंय, तुझ्या डोळ्याला नाही.

पण! पहिला घाणा रोज बाबा चाखायचे. रोज. एक चिमूट हातावर घेऊन चुरडून नाकाशी न्यायची, मग तोंडात. काही कमी-जास्त असेल तर कारागिराच्या कानात सांगायचे, गिऱ्हाइकासमोर कधी नाही. तर काका, चाखणं सोडू नका. गॅसला हात लावू नका.

मालवाकन्या (दुपारी ३:०५)

हे फार आवडलं. आणि आता शेव खावीशी वाटतेय.

सराफा_रात्रपाळी (दुपारी ३:११)

पोह्यांवर लवंगवाली की बारीक? वेगळा धागा काढा कोणीतरी, इथे भांडणं होतील.

बडोदेकर (दुपारी ३:१४)

आमच्याकडे सेव-उसळ आहे, आम्ही या भांडणात नाही.

मालवाकन्या (दुपारी ४:४०)

आता थोडं मनातलं लिहिते. माझा मुलगा एका अकादमीत जायचा, नाव नको. तिथला मालक स्वतः कोच नव्हता, पण अंडर-फोर्टीनची यादी शेवटी त्याच्याकडून पास होऊन यायची. कोचनं यादी लावली होती, माझ्या मुलाचं नाव नवव्या नंबरवर, त्यानं मला फोटो काढून पाठवला होता. दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर त्याच कागदावर निळ्या पेननं नाव खोडलेलं आणि वर दुसरं लिहिलेलं. नवीन कागद पण लावला नव्हता हो. त्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी अकादमीला नेट बांधून दिलं होतं.

मुलगा काही बोलला नाही. घरी येऊन किटबॅग पलंगाखाली सरकवली आणि मग पाच-सहा महिने ती तिथेच होती. आता बॅडमिंटन खेळतो, खूश आहे. पण मला अजून तो निळा पेन दिसतो. म्हणून मालकानं निवडीत पडू नये असंच मी म्हणेन, डॅलसच्या ताईंचं पटत असूनसुद्धा.

चिमणबाग_एन्ड (सायंकाळी ५:००)

ताई, वाचून वाईट वाटलं. मुलाला आशीर्वाद.

सातव्या_नंबरवाला (सायंकाळी ७:३०)

बराच वेळ लिहू की नको करत होतो. मी क्लब क्रिकेट खेळलोय नऊ वर्षं, डिव्हिजनपर्यंत. आणि मी 'मालकाचा माणूस' होतो. बाहेरून कोणाला कळत नाही ते सांगतो.

आमच्या क्लबला पैसे देणारे एक गृहस्थ होते, मनानं फार चांगले. त्यांना माझी बॅटिंग आवडायची. त्यांनी कॅप्टनला सांगून मला ओपनिंगला पाठवायला लावलं. मी खूश होतो, का नाही होणार. पहिल्या मॅचला १८ केले, दुसऱ्याला शून्य, तिसऱ्याला ७. त्यानंतर काय झालं, तर नेटमध्ये मला बॉल टाकायला कोणी तयार होईना. उघड कोणी काही बोलत नव्हतं. फक्त माझी पाळी आली की बॉलर पाणी प्यायला जायचे. स्लिपमध्ये मी कॅच सोडला तर कोणी "चल, होतं" म्हणायचं नाही, जे सगळ्यांना म्हणायचे. ज्याची जागा मला मिळाली तो माझा शाळेपासूनचा मित्र होता, त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी ग्राउंडवर जायचो. तो काही म्हणाला नाही, फक्त घ्यायला यायचा बंद झाला. मी महिनाभर टेम्पोनं जायचो, किटबॅग मांडीवर घेऊन.

मी स्वतःच कॅप्टनला जाऊन सांगितलं, मला परत खाली टाक. पुढच्या सीझनला त्यानं मला स्वतःच्या मनानं चौथ्यावर पाठवलं आणि त्या मॅचला मी ६४ केले, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत उभे होते. बॅट तीच, हात तेच.

काका, तुम्ही त्या मुलाचं भलं बघताय यात मला शंका नाही. ते गृहस्थही बघतच होते. पण ड्रेसिंग रूममध्ये मुलाला एकटं पडायला एक वाक्य पुरतं, आणि ते वाक्य तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. तुमच्या आणि कॅप्टनच्या भांडणाचं सोडा. रविवारपासून त्या मुलाशी कोणी बोलतंय का, तेवढं आधी बघा.

डॅलसची_मंडई (रात्री ८:१०)

सातव्या नंबरवाले, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून धन्यवाद. माझं मत बदललं असं नाही, पण या बाजूनं विचारच केला नव्हता.

हिशोबनीस (रात्री ८:३५)

माझं थोडं बदललं. गल्ला माझा, पण नेटमधला बॉल गल्ल्यावरून विकत मिळत नाही.

वाटाण्याच्या_अक्षता (रात्री ९:०२)

रजत पाटीदारचं कोणी लिहिलं नाही अजून, आणि धागा इंदूरचा! २०२२ च्या लिलावात दहाही मालक टेबलावर बसले होते, एकानंही हात वर केला नाही. कोणीतरी जखमी झाला म्हणून बंगलोरनं मधेच बोलावलं आणि एलिमिनेटरला लखनौविरुद्ध ५४ बॉलमध्ये नाबाद ११२. महिन्याभरात रणजी फायनलला मुंबईविरुद्ध १२२. आणि २०२५ ला तोच बंगलोरचा कॅप्टन म्हणून ट्रॉफी घेऊन उभा. म्हणजे मालकांना गुण दिसतोच असंही नाही.

चिमणबाग_एन्ड (रात्री ९:२०)

आणि त्या रणजी फायनलचं श्रेय चंदू पंडितलाही. १९९८-९९ ला मध्य प्रदेशचा कॅप्टन म्हणून चिन्नास्वामीवर फायनल हरला होता, २०२२ ला त्याच मैदानावर कोच म्हणून जिंकला आणि रडला. असोसिएशननं त्याला आणलं आणि त्याची कडक शिस्त पूर्ण चालू दिली, मधे कोणी लुडबुड केली नाही. पहाटे प्रॅक्टिसला बोलावलं तरी कोणी वरून फोन केला नाही. होळकरांची जुनी रीत.

लोकमान्यनगरकर (शनिवार, रात्री १०:३०)

मंडळी, काल सातव्या नंबरवाल्यांचं वाचून रात्री नीट झोप लागली नाही. आज संध्याकाळी कॅप्टनच्या घरी गेलो. तो नुकताच ड्युटीवरून आला होता, हेल्मेट हातातच. मी म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं. तो म्हणाला, काका आत या, चहा घ्या.

चहा पिताना मी विचारलं, सातव्यावर का पाठवतोस रे त्याला, मला फक्त समजून घ्यायचंय. तो जरा थांबला. मग म्हणाला, त्यानं कोणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय, पण तुम्हाला सांगतो. मुलाचे वडील भाजीचा ठेला लावतात. रविवारी पहाटे चारला तो त्यांच्याबरोबर चोइथराम मंडीत जातो, पोती उचलतो, ठेला लावून देतो आणि मग ग्राउंडवर येतो. आमची मॅच आठची. साडेआठपर्यंत पोचतो, कधी पावणेनऊ. आल्यावर त्याचे हात थरथरत असतात. कॅप्टन त्याला अर्धा तास झाडाखाली बसवतो, दोन केळी देतो, आणि म्हणून खाली ठेवतो. तीन महिने मी त्याच झाडापासून वीस पावलांवर खुर्ची टाकून बसतोय. केळी मी पाहिली होती. मला वाटलं पोराला केळी आवडतात.

त्याच्याशी कोणी अबोला धरला नाहीये, तेही विचारलं. पोरं चांगली आहेत.

तिथूनच आयोजकांना फोन केला. आमची मॅच पुढे ढकलता येईल का विचारलं, थोडी कटकट केली त्यांनी, पण दुसऱ्या एका टीमला सकाळची हवीच होती, त्यामुळे उद्या अकराची मिळाली. अजून एक केलं, उद्यापासून केळी माझ्याकडून, सगळ्या टीमला, म्हणजे त्याला एकट्याला वेगळं वाटायला नको.

सातव्या_नंबरवाला (रात्री १०:४४)

काका _/\_

शेवेचा_घाणा (रात्री १०:५०)

मॅचची वेळ बदलून आणणं हे कॅप्टनला कधी जमलं नसतं. ते मालकाचंच काम.

हिशोबनीस (रात्री १०:५८)

मग आता तिसऱ्या नंबरवर जाणार का तो?

लोकमान्यनगरकर (रात्री ११:०५)

विचारलं नाही.

पोहे_जलेबी (रात्री ११:०८)

काका, अकराची मॅच म्हणजे संपेपर्यंत पोहे संपलेले असणार. ग्राउंड कुठलं ते सांगा, मी कचोऱ्या घेऊन येतो, किती जणांच्या आणू?

लोकमान्यनगरकर (रात्री ११:१२)

चौदा पोरं, मी, आणि तू. सोळा आण. पत्ता मेसेज करतो.